गेमची मूळ गोष्टच ऐच्छिक आव्हानांमागे का दडवतात?

अर्धाडाव (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात खदखदतंय, ते आज लिहून काढतो. लांबण लागेल, पण मुद्दा नीट मांडायचाय.

रहस्यभेदाचा इशारा: ‘हॉलो नाइट’ आणि ‘बॅटमॅन: अर्कहॅम नाइट’ या दोन्हींचे शेवट खाली उघड केले आहेत. खेळायचे राहिले असतील तर धागा खूण करून ठेवा आणि नंतर या.

‘हॉलो नाइट’ हा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा २०१७ चा गेम. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला सर्वात देखणा गेम, त्यामुळे मी चिडून लिहितोय ते प्रेमापोटीच. हॅलोनेस्ट नावाचं किड्यांचं एक बुडालेलं राज्य आहे. तिथे रोगाची साथ आली. ती कोंडून ठेवायला राजाने एक पात्र, म्हणजे रोग साठवायचं जिवंत भांडं घडवलं. अट एकच: ते आतून पूर्ण पोकळ हवं. विचार नको, इच्छा नको, वेदना सांगायला आवाजही नको. रोग त्याच्या आत कोंडला, दाराला मोहोर लावली. तरीही रोग झिरपला आणि राज्य संपलं. आपण गेममध्ये उतरतो तेव्हा सगळा नाश होऊन गेलेला असतो. म्हणजे गेमभर आपल्यासमोर प्रश्न एकच असतो: ते पात्र कमी का पडलं?

या प्रश्नाचं सर्वात थेट उत्तर कुठे ठेवलंय ते बघा. आधी ड्रीम नेल, म्हणजे दुसऱ्याच्या स्वप्नात शिरू देणारं हत्यार मिळवायचं. मग १८०० इसेन्स जमवून ते जागृत करून घ्यायचं. मग एन्शंट बेसिनमध्ये पडलेल्या एका चिलखती प्रेतावर ते वापरून व्हाइट पॅलेसमध्ये शिरायचं. तिथे गरगर फिरणाऱ्या करवतींमधून उड्या मारत वर चढायचं. इथपर्यंत माझी तक्रार नाही, कारण खऱ्या शेवटाची वाट इथूनच जाते. पण याच महालात एक भिंत आहे जी फुटते, आणि ती फुटते हे कोणी सांगत नाही. तिच्यामागे ‘पाथ ऑफ पेन’. करवती, काटे, हवेतल्या हवेत नेल (आपली तलवार) खाली मारून काट्यांवरून उसळत राहायचं, पाय टेकायला जागा नाही. शेवटी दोन पहारेकरी एकदम अंगावर येतात. ते पडले की काही सेकंदांचं एक मूक दृश्य दिसतं: सज्जात राजा उभा आहे, शेजारी लहानगं पात्र. ते मान वळवून राजाकडे बघतं. राजाही त्याच्याकडे बघतो.

संपलं. पण त्या एका नजरेत सगळं आहे. ते पोकळ नव्हतं. त्याने राजाला बाप मानलं होतं, राजालाही ते जाणवलं होतं, आणि तरी त्याने त्याला साखळ्यांनी टांगलं. या दृश्याआधी ‘हॉलो नाइट’ ही एका फसलेल्या उपायाची गोष्ट असते. दृश्यानंतर ती बापलेकाची शोकांतिका होते.

आता मला सांगा, हे बक्षीस आहे का? नवा पोशाख, नवं हत्यार, एखादी फुशारकीची ट्रॉफी खुशाल असल्या वाटेच्या टोकाला ठेवा. पण गोष्ट ज्या कारणावर उभी आहे ते कारणच तिथे ठेवलं, तर विकत घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना तुम्ही अर्धी गोष्ट देऊन घरी पाठवता. आणि त्यांना कळतसुद्धा नाही की अर्धी मिळाली.

दुसरं उदाहरण २०१५ च्या ‘अर्कहॅम नाइट’चं. मुख्य कथा संपते, बॅटमॅन कोण हे अख्ख्या जगाला कळलेलं असतं, आणि आता ब्रूस वेनचं पुढे काय होतं ते ‘नाइटफॉल प्रोटोकॉल’मध्ये दिसणार असतं. त्याचा पूर्ण शेवट हवा तर सगळी बाजूची कामं पूर्ण करा. त्यात रिडलर, कोडी घालणारा खलनायक. रिडलरसाठी शहरभर पसरलेल्या २४३ गोष्टी: ट्रॉफ्या, कोडी, फोडायच्या वस्तू. तीन गेम चाललेल्या मालिकेचा शेवट, त्याच्या पुढ्यात २४३ वस्तूंची यादी! पाथ ऑफ पेनमध्ये निदान कसब तरी लागतं. इथे नुसतं राबायचं.

तुमचे अनुभव लिहा. आणि ज्यांना हे योग्य वाटतं त्यांनी तर जरूर लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

ताम्हण

अगदी मनातलं लिहिलंत. अर्कहॅम नाइटबद्दल +१००. शेवटी वैतागून गेमच काढून टाकला.

रातकिडा

अर्धाडाव, धागा उत्तम. पण मी विरुद्ध बाजूने लिहिणार.

पाथ ऑफ पेन मी पूर्ण केलाय आणि मला ते दृश्य तिथेच हवं होतं. कारण सांगतो. ती वाट म्हणजे काय, तर राजाच्या मनातला सर्वात खोल गाडलेला कप्पा. अख्खा व्हाइट पॅलेस स्वप्नात आहे हे विसरू नका. ज्याने स्वतःच्या अपराधाची आठवण करवतींच्या मागे दडवली, त्याची आठवण सहज हाती लागली असती तर त्या राजाची व्यक्तिरेखाच खोटी पडली असती. आणि त्या वाटेवर आपण जे सोसतो, पडतो, पुन्हा उठतो, न बोलता पुढे सरकतो, तेच त्या पात्राने सोसलेलं असणार. ते दृश्य दिसलं तेव्हा माझे अंगठे ठणकत होते आणि डोळे भरून आले होते. हेच दृश्य मुख्य वाटेवर आयतं मिळालं असतं तर मी ते बघून पुढे गेलो असतो.

दुसरं म्हणजे ते एकमेव उत्तर नाही. व्हाइट लेडीशी (राजाच्या राणीशी) बोलताना पात्र सदोष ठरल्याचं कळतंच. नीट ऐकणाऱ्याला अंदाज बांधता येतो. पाथ ऑफ पेन त्या अंदाजावर फक्त शिक्का मारतो.

कष्टाने मिळालेल्या गोष्टीची किंमत वेगळी असते. ती सर्वांसाठी सपाट करून टाकू नका एवढीच विनंती.

कंदील

रातकिडा, तुमचा प्रतिसाद मनापासून आवडला, पण त्यातलं ‘अंगठे ठणकत होते’ हे वाक्य वाचून थांबले.

मला सांधेवात आहे. उजव्या हाताची बोटं सकाळी तासभर मुठीत वळत नाहीत. मी गेम खेळते ते गोष्टीसाठी, आणि हळू खेळते. मला कष्टाचं वावडं नाही हो, पण माझे कष्ट आणि तुमचे कष्ट एकाच मापाने कसे मोजणार? तुमच्यासाठी जे ‘अवघड पण जमेल’, ते माझ्यासाठी ‘कधीच नाही’ या सदरात जातं. तिथे किंमत वाढत नाही, दार बंद होतं.

‘कपहेड’चं उदाहरण देते. २०१७ मध्ये आला, जुन्या हाताने रेखाटलेल्या कार्टूनसारखा, इतका सुंदर की नुसता बघत बसावा. त्यात सिंपल नावाचा सोपा पर्याय आहे. मी आनंदाने तो निवडला. एकेक बॉस, म्हणजे टप्प्याचा मोठा शत्रू, हरवत गेले. मग कळलं की सिंपलमध्ये जिंकलं तर बॉसचा करारनामा हाती येत नाही, आणि सगळे करारनामे असल्याशिवाय शेवटच्या दोन लढतींना प्रवेश नाही. म्हणजे सोपा पर्याय ठेवला, पण तो निवडणाऱ्याला गोष्टीचा शेवट नाही. मग तो पर्याय कशाला देऊ केला? सरावासाठी आहे म्हणतात. तसं तिथे मोठ्या अक्षरात लिहायचं होतं.

२०१८ मध्ये एक्सबॉक्सचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आला, मोठी बटणं, बाहेरून हवे ते स्विच जोडता येतात. २०२० च्या ‘लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात साठाहून जास्त सुलभता पर्याय होते. म्हणजे या क्षेत्राला हे समजतं. फक्त गोष्टीचा शेवट कुठे ठेवायचा हे ठरवताना आम्ही कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

जुनाखेळाडू

थोडा इतिहास, कारण ही सवय आजची नाही.

१९८५ चा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ घ्या. जीव मुठीत धरून शेवटच्या राक्षसापर्यंत पोचायचं, त्याला मारायचं, आणि गेम म्हणतो हा सगळा भ्रम होता, आता पहिल्यापासून पुन्हा खेळा. दुसऱ्या फेरीनंतर खरा शेवट. १९८६ चा ‘बबल बॉबल’ तर एकट्याने पूर्ण केला की खरा शेवट देतच नाही, सोबतीला दुसरा खेळाडू हवाच. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचा तो जमाना होता. नाणी पडत राहायला हवीत हा धंद्याचा हिशोब त्यामागे उघड आहे. गोष्टही तेव्हा दोन ओळींची असायची, ती हुकली म्हणून कुणी हळहळत नसे.

पुढे घरात कन्सोल आले, गेमची किंमत एकरकमी द्यायची झाली, पण लपवायची सवय तशीच राहिली. उलट आता गोष्टी मोठ्या झाल्या, त्यामुळे लपवलेला तुकडाही मोठा झाला. ‘फायनल फँटसी टेन-टू’ २००३ चा. त्याच्या सर्वोत्तम शेवटासाठी १०० टक्के पूर्ती लागते, आणि ती एखादा संवाद बटण दाबून वगळला तरी हातची जाते. हे खेळाडूला सांगणार कोण? गाइड पुस्तक. ते वेगळं विकत घ्यायचं.

पण याच परंपरेत एक गेम असा आहे ज्याच्या बाजूने मी कुठेही भांडेन: १९९७ चा ‘कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाइट’. किल्ला फिरून होतो, रिक्टर बेलमाँट समोर येतो, त्याला मारलं की श्रेयनामावली सुरू. बरेच लोक तिथेच गेम संपला म्हणून उठले. प्रत्यक्षात त्या क्षणी अर्धा गेम शिल्लक असतो, अख्खा उलटा किल्ला! तो हवा तर लढताना होली ग्लासेस नावाचा चष्मा घालायचा, मग रिक्टरवर ताबा ठेवणारा हिरवा गोळा दिसतो आणि मारायचं त्या गोळ्याला. चष्म्यापर्यंत जायला दोन अंगठ्या लागतात, आणि दोन्ही अंगठ्यांच्या वर्णनात अर्धी अर्धी सूचना आहे. दोन्ही एकत्र वाचल्या की घड्याळाच्या दालनाकडे बोट जातं.

यात बोटांची परीक्षा नाही, लक्ष देऊन वाचण्याची आहे. शिवाय चष्म्याविना मिळणारा शेवट इतका तुटका आणि कडवट आहे की खेळाडूला आपोआप वाटतं, काहीतरी राहिलं. माझ्या लेखी फरक तिथे पडतो. गेमने निदान एवढं तरी कळू द्यावं की ‘अजून आहे’.

अर्धाडाव

जुनाखेळाडू, तुमच्या शेवटच्या ओळीने माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका मांडला. धन्यवाद.

कंदील, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धागा काढताना माझ्या डोक्यात वेळ आणि चिकाटी एवढंच होतं. तुम्ही लिहिलंत त्यामुळे प्रश्नाला खरं वजन आलं.

रातकिडा, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. राजाने स्वतःची आठवण दडवली म्हणून ती अवघड जागी हवी, हे पटतं. पण मग तुम्हीच सांगा, ज्याला पाथ ऑफ पेन अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, त्याच्यासाठी राजाने काही दडवलंय हेही घडलेलं नसतं. दडवणं खेळाडूला जाणवायला हवं ना? महालाच्या शेवटी सिंहासनावर राजाचं कलेवर सापडतं, तिथे एक खूण, एक अर्धवट वाक्य, ‘इथे अजून एक दार आहे’ एवढं कळलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. दार दिसलं आणि मी स्वतः मागे फिरलो, तर तो माझा निर्णय. दारच दिसलं नाही तर निर्णय माझा कसा?

व्हाइट लेडीबद्दल: ती दोष सांगते, पण दोष म्हणजे काय हे त्या नजरेतच कळतं. माझ्या दृष्टीने गोष्टीचा जीव तिथे आहे.

सह्यकडा

एक साधी शंका. यूट्यूबवर सगळे शेवट आहेत, दहा मिनिटांत बघून होतात. मग इतका त्रास का करून घ्यायचा?

मधलीसुट्टी

सह्यकडा, दोन कारणं.

एक, ती दहा मिनिटांची चित्रफीत शोधायला गेलं की बाजूच्या दहा चित्रांवरून बाकी सगळं फुटतं. दुसरं आणि मोठं: गेममधली गोष्ट आपण केलेली असते. त्या माणसाला मी स्वतः चाळीस-पन्नास तास चालवलंय, त्याच्यासाठी निर्णय घेतलेत. शेवटचं पान दुसऱ्या कुणीतरी खेळलेलं बघायचं म्हणजे नाटकाचे दोन अंक थिएटरात बघून तिसरा शेजाऱ्याकडून ऐकण्यासारखं आहे.

आता माझं दुखणं. ‘पर्सोना ५ रॉयल’. मूळ ‘पर्सोना ५’ आला होता, त्यात नवी भर घालून २०२० मध्ये रॉयल इंग्रजीत आला. लोकांनी पुन्हा पैसे मोजले ते मुख्यतः नव्या तिसऱ्या सत्रासाठी. नवा महाल, नवा खलनायक म्हणावा की नाही असा माणूस, आणि मूळ कथेपेक्षा अवघड नैतिक प्रश्न. सगळं त्या सत्रात. ते कधी उघडतं? शाळेतले समुपदेशक मारुकी यांच्याशी ओळख १८ नोव्हेंबरपर्यंत नवव्या पायरीला नेली तरच. ती तारीख हुकली की गेम जुन्या शेवटावर संपतो, जणू तुम्ही रॉयल घेतलाच नव्हता.

हा शंभर तासांचा गेम आहे हो. मारुकी शाळा सोडून जाणार हे ते स्वतः सांगतात, पण ‘मला भेटला नाहीस तर पुढचं सगळं बंद’ असं कुठे लिहिलंय? मी मुलं झोपल्यावर रात्री तासभर खेळते. तो तास कुठे घालवायचा हे ठरवायला गेमने मला खरी माहिती द्यायला हवी. इथे कसब नको, चिकाटी नको, फक्त आधीच माहीत असायला हवं. माझ्या मते हा सर्वात वाईट प्रकार. अवघड बॉसशी निदान भांडता तरी येतं. न सांगितलेल्या तारखेशी कसं भांडणार?

ओळीमागची

सविस्तर लिहिते, कारण मी गेम टेस्टिंगमध्ये काम करते. कंपनीचं नाव काढणार नाही.

आतून हे असं घडतं, बहुतेक वेळा कुणाच्याही दुष्टपणामुळे नाही. कथा लिहिणारे आणि पातळ्या रचणारे वेगळे असतात. पातळी रचणारा एक जबर अवघड तुकडा बनवतो. मग बैठकीत प्रश्न येतो: इतकं करून खेळाडूला मिळणार काय? नवं हत्यार द्यावं तर पुढच्या लढाया सोप्या होऊन बसतात, सगळा तोल पुन्हा तपासावा लागतो. पैसे द्यावेत तर शेवटी त्यांचा उपयोग नाही. मग कुणीतरी म्हणतं, कथेतलं एक दृश्य देऊ. दृश्याने लढाईचा तोल बिघडत नाही. त्यामुळे बक्षीस म्हणून दृश्य वापरणं सगळ्यांच्या सोयीचं ठरतं. लेखकाने मुख्य वाटेसाठी लिहिलेला प्रसंगही अशा वेळी उचलून कोपऱ्यात नेला जातो.

दुसरं, गेम किती तास चालतो यावर खरेदीदार गेमची किंमत जोखतात, हे आपणही करतो. तास वाढवायचा स्वस्त मार्ग म्हणजे असलेल्या नकाशावर वस्तू विखुरणं. आणि लोक त्या गोळा करतील याची खात्री हवी असेल तर टोकाला शेवट बांधायचा. ‘अर्कहॅम नाइट’च्या २४३ वस्तूंचं कोडं मला तरी असंच उलगडतं. त्या गेमच्या बैठकीत मी नव्हते, पण अशा इतर बैठका पाहिल्या आहेत.

टेस्टर म्हणून आमची व्यथा वेगळी. जो भाग थोडेच लोक बघणार, त्याला तपासणीचे दिवस थोडे मिळतात. म्हणजे गोष्टीचा सर्वात नाजूक प्रसंग सर्वात कच्च्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

अवांतर: अर्धाडाव म्हणतात तशी ‘अजून एक दार आहे’ ही खूण घालायला फार खर्च येत नाही. एक वाक्य, एक चिन्ह. ती घातली जात नाही कारण ‘खेळाडू स्वतः शोधतील, मग चर्चा होईल’ असं गणित असतं. चर्चा होते हे खरंच आहे. आपण आत्ता तीच करतोय.

रातकिडा

ओळीमागची, आतली माहिती दिल्याबद्दल आभार. ‘दृश्याने तोल बिघडत नाही’ हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पाथ ऑफ पेनबद्दल मी मागे हटत नाही. पण कंदील यांना उत्तर द्यायला हवं म्हणून ऐच्छिक वाट आणि भावना यांची सांगड चांगली कुठे बसलीय ते सांगतो: २००९ चा ‘असॅसिन्स क्रीड २’. सुरुवातीलाच नायक एझिओचे वडील आणि दोन भाऊ फासावर जातात. धाकटा पेत्रुच्चो आजारी होता, पिसं गोळा करायचा. त्या दिवसापासून आई बोलत नाही. मग इटलीभर छपरांवर, मनोऱ्यांवर १०० पिसं विखुरलेली. ती आणून आईच्या खोलीतल्या पेटीत टाकायची. सगळी झाली की आई बोलते.

बघा, यात मुख्य सूडकथेचं काही अडत नाही. पिसं गोळा केली नाहीत तरी गोष्ट पूर्ण कळते. पण केली तर का केली हे मनाला ठाऊक असतं, आणि पेटी घरातच समोर असते, कुणी लपवलेली नाही. चढायला लागतं, पण बोटं मोडणारं काही नाही. माझ्या मते ऐच्छिक गोष्ट अशी असावी.

कंदील

रातकिडा, ही पिसं मी गोळा केली आहेत. सगळी. कित्येक महिने लागले आणि एकदाही कंटाळा आला नाही.

हेच तर म्हणतेय. मला लांबची वाट चालते. अरुंद वाट चालत नाही.

जुनाखेळाडू

कंदील यांच्या या दोन ओळींना अनुमोदन.

एक भर घालतो. ‘डार्क सोल्स’वाले हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितलंय की लहानपणी ते इंग्रजी अद्भुतकथांची पुस्तकं वाचायचे, भाषा पुरती कळायची नाही, मग न कळलेल्या जागा ते कल्पनेने भरून काढायचे. त्यांच्या गेममधली गोष्ट तशीच तुकड्यातुकड्यांत आहे, तलवारीच्या वर्णनात, अंगठीच्या वर्णनात. त्याचं समर्थन इथे बरेचजण करतील म्हणून आधीच सांगतो: तो प्रकार वेगळा. तुकडे वाचायला डोळे आणि कुतूहल पुरतं, आणि तुकडे आहेत हे सुरुवातीपासून दिसतं. मी स्वतः गेमचं इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलंय, त्यामुळे मियाझाकींची ती अवस्था मला चांगली कळते. त्यात आनंद होता.

पण ‘डेस्टिनी’ने २०१४ मध्ये काय केलं? कथेची सगळी कार्डं गेममध्ये मिळवायची आणि वाचायला मात्र वेबसाइटवर किंवा ॲपवर जायचं. गेममध्ये वाचायची सोयच नव्हती! हे कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

ताम्हण

‘मास इफेक्ट ३’ राहिला की. २०१२. एकट्याने खेळायची तीन गेमची कथा, आणि नायक शेपर्डच्या शेवटच्या श्वासाचं दृश्य हवं तर तयारीचा आकडा वाढवा. तो आकडा मल्टिप्लेअर (इतरांसोबत ऑनलाइन) न खेळता निम्म्यावरच अडकलेला. आमच्याकडे तेव्हाचं इंटरनेट म्हणजे काय होतं ते सांगायला नको. नंतर एक्स्टेंडेड कट या वाढीव आवृत्तीत अट सैल केली म्हणा, पण पहिला अनुभव नासला तो नासलाच.

अर्धाडाव

ताम्हण, बरोबर. तिथे तर अडथळा आपल्या हातातही नव्हता.

तक्रारी पुष्कळ झाल्या, आता ज्यांनी हे नीट केलं त्यांच्याबद्दलही लिहितो, नाहीतर अन्याय होईल.

‘सेलेस्ट’, २०१८. डोंगर चढणाऱ्या मुलीची गोष्ट, आणि गेम पाथ ऑफ पेनच्या कुळातला, उड्या, काटे, सगळं. पण असिस्ट मोड आहे: गेमचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो, दम अमर्याद करता येतो, अगदी न मरण्याचीही सोय आहे. गोष्ट एका शब्दानेही कमी होत नाही. वाटेत कठीण जागी स्ट्रॉबेरी ठेवल्यात. गेम स्वतःच सांगतो की त्या फक्त मिरवायला आहेत. शेवटी किती गोळा केल्या त्यावर स्ट्रॉबेरी पाय (pie, भाजलेला गोड पदार्थ) कसा झाला एवढंच बदलतं. त्यापुढे ज्यांना जीव काढायचाय त्यांच्यासाठी बी-साइड, म्हणजे जास्त अवघड पातळ्या आहेत. मुलगी मात्र सर्वांसाठी शिखरावर पोचते.

‘हेडीज’, २०२०. यात तर उलटंच केलंय. हरलात की घरी परत, आणि घरी प्रत्येकाकडे नवीन बोलणं. म्हणजे हरणाऱ्याला गोष्ट जास्त मिळते. गॉड मोड लावला तर २० टक्के संरक्षण, दर मरणागणिक २ टक्के वाढत ८० पर्यंत. कंदील, तुम्ही खेळला नसाल तर नक्की बघा.

आणि आपल्याकडचा ‘राजी’, पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. गोष्टीचा शेवट घाईत उरकलाय ही तक्रार माझीही आहे. पण भिंतींवरची पुराणकथांची चित्रं त्यांनी चालत्या वाटेवर ठेवली. थांबलात तर दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून कथा ऐकू येते, नाही थांबलात तर पुढे जा. ज्याला वाटेल त्याने थांबावं, इतकं सरळ.

‘निअर: ऑटोमाटा’ही आठवतो. पहिल्या शेवटानंतर नामावली येते आणि लगेच प्रकाशकाकडून संदेश: अजून आहे, खेळत राहा. एक संदेश! जुनाखेळाडूंनी मागितलं होतं तेवढंच.

याउलट टीम चेरीने २०२५ च्या ‘सिल्कसाँग’मध्ये पुन्हा तेच केलं. दुसऱ्या अंकाअखेर गेम संपवता येतो, आणि तिसरा अख्खा अंक बाजूची कामं करणाऱ्यालाच सापडतो. इतके गुणी लोक, म्हणून जास्त लागतं.

ओळीमागची

सिल्कसाँगबद्दल थोडं वेगळं मत. तिथे बाजूची कामं फलकावर लिहिलेली असतात, आणि दुसऱ्या अंकाचा शेवट काहीतरी बिनसल्यासारखा वाटतो. पाथ ऑफ पेनइतकं आंधळं नाही. पण अवघड आहे, आणि सोपा पर्याय नाही, हे खरं.

नवखी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. गेल्या आठवड्यात सेलमध्ये ‘पर्सोना ५ रॉयल’ घेतला आणि आता मधलीसुट्टी यांचा प्रतिसाद वाचून धास्तावले. मी गेममध्ये जून महिन्यात आहे. गोष्ट न फोडता कोणी सांगेल का, नक्की काय काय करायचं?

मधलीसुट्टी

नवखी, स्वागत! जूनमध्ये आहात म्हणजे भरपूर वेळ आहे, अजिबात घाबरू नका. कथेतलं काही सांगत नाही, फक्त तारखा देते. कागदावर लिहून टीव्हीजवळ ठेवा.

मारुकी: १८ नोव्हेंबरच्या आत नववी पायरी. शाळेत नर्सच्या खोलीत भेटतात. ते उपलब्ध दिसले की बाकी बेत बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे जा. हे सर्वात महत्त्वाचं.

अकेची: २४ नोव्हेंबरच्या आत आठवी पायरी. याच्यासाठी आपल्या पात्राचे नॉलेज आणि चार्म हे गुण वाढवून ठेवा, नाहीतर मध्येच अडकाल.

कासुमी: १८ डिसेंबरच्या आत पाचवी पायरी. ही सोपी आहे.

रातकिडा

मधलीसुट्टी यांच्या यादीत एक भर. ऑक्टोबर संपताना एक वेगळा सेव्ह करून ठेवा आणि त्यावर पुन्हा सेव्ह करू नका. काही राहिलंच तर तिथून परत येता येईल, पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.

नवखी

दोघांचेही खूप खूप आभार. तारखा लिहून घेतल्या. मारुकींची पायरी आत्ता दुसरी आहे, उद्यापासून त्यांच्याकडेच जाते.